दोन घंट्या

दोन घंट्या दिल्या तरी गाडी हलली नाही, तेव्हा सोमशेखरला आधी रागच आला. हुपरीहून सुटणारी सकाळची गाडी, आत मुंगीला शिरायला वाव नाही, चांदीच्या पैंजणांची गाठोडी पोटाशी धरून बसलेल्या बायका, आणि पुढं गैबी दोन्ही हात चाकावर ठेवून ढिम्म. त्यानं दोरी पुन्हा ओढली. टण टण. अकरा वर्षं हा माणूस त्याच्या घंटीवर चालत आला होता. दुसरी घंटी पुरती वाजायच्या आत त्याचा पाय क्लचवरून उठलेला असायचा. मागून कुणीतरी ओरडलं, "ड्रायव्हर झोपला काय वो मास्तर?" लोक हसले. कंडक्टरला हसावंच लागतं, तसा सोमशेखरही हसला. हसता हसता त्याला गैबीची मान दिसली. गणपती नुकते उठले होते, हवा पावसाळी, गार, आणि ह्या माणसाच्या मानेवरून घामाची धार कॉलरीत उतरत होती. सात-आठ सेकंद गेले असतील. मग गिअर खरखरला, गाडी निघाली, लोक आपापल्या बोलण्याला लागले. सोमशेखरनं मात्र एकाच तिकिटाला दोनदा पंच मारला.

त्या सात-आठ सेकंदांतून तो अजून बाहेर आलेला नव्हता. महिना उलटून गेला, दसरा झाला, आज कोजागिरीचा रविवार, आणि कळंब्याच्या पलीकडच्या चाफ्याच्या तळ्यात, भर पाण्यात, धुक्यात, एका लोखंडी काहिलीत बसून तो सेकंदच मोजत होता. काहील म्हणजे गूळ शिजवायची ती भली थोरली सपाट कढई. तळ्याकाठच्या जोतीरामचं गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा त्यानं तिच्या बुडाची भोकं डांबरानं बुजवली आणि तिची होडी केली. गैबी रविवारी तीच मागून घ्यायचा. दोन माणसं बसायची, एक ह्या काठाला, एक त्या काठाला, समोरासमोर. वजनाला वजन. मधे दोन हात तळ मोकळा. पहिल्याच रविवारी गैबीनं बजावलं होतं, "मास्तर, एक ध्येनात ठेव. काईलीत एकट्यानं उठायचं न्हाय. तू हल्लास तर मी हलणार, मी हल्लो तर तू हल. न्हायतर दोघं बी खाली मांगूर माशांच्या पंगतीला." सोमशेखरला पोहता येत नव्हतं. हे गैबीला ठाऊक होतं, म्हणूनच तो ते इतक्या चवीनं सांगत होता.

पोहता येत नव्हतं, कारण गडहिंग्लजकडच्या त्यांच्या गावात, आठव्या वर्षी, वडिलांनी, अप्पांनी, कमरेला सुका भोपळा बांधून त्याला विहिरीत ढकललं होतं. सगळी पोरं अशीच शिकायची. ह्याचा भोपळा तेवढा सुटला. खाली गेल्यावर त्याला हिरवा उजेड दिसला होता आणि कानात कुणीतरी दाबून बसल्यासारखी शांतता. वर काठावर अप्पा हसत उभे होते, ह्याचा खेळ चाललाय अशा समजुतीनं, आणि ते हसणं पाण्यातून हलताना दिसत होतं. चुलतभावानं केसाला धरून काढला. त्या दिवसापासून बादलीच्या वर पाणी दिसलं की सोमशेखर दोन पावलं मागं सरकायचा. शिवाय हा माणूस लिंगायताचा, जन्मात मासळी तोंडात घातली नव्हती. गैबी गळाला कोंबडीची आतडी लावायला लागला की हा तोंड फिरवून शर्टाआड गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा. असा माणूस दर रविवारी मांगूर धरायला जातो, ह्याची डेपोत भरपूर थट्टा झाली. बायकोनं, शिवगंगानं, तर विचारलंच, "तुम्हाला तिथं करायचं तरी काय असतं?" तो म्हणाला, गंमत. खरं म्हणजे त्याला राखण करायची असायची.

कारण गैबीच्या ईसीजीची पट्टी त्याच्या खिशात होती. गुलाबी चौकड्यांच्या कागदावर काळी रेघ, वर-खाली, वर-खाली, मधेच भलतीकडं गेलेली. घंटीच्या प्रकारानंतर चौथ्या दिवशी स्टँडच्या कँटीनमध्ये गैबीनं ती चहाच्या दोन कपांमधे उलगडली होती, एखाद्या पावण्याला मुलीचा फोटो दाखवावा तशी. राजारामपुरीतला डॉक्टर म्हणाला होता, आजच्या आज मिरजेच्या दवाखान्यात जा, गाडी तर मुळीच चालवू नका, जड उचलू नका. "जातो की," गैबी म्हणाला. "शाहिस्ताचं लगीन झालं की दुसऱ्या दिवशी जातो. दिवाळीनंतरचा दुसरा जुम्मा. राहिलं किती?" सोमशेखर म्हणाला, वहिनीला तरी सांग. त्यावर गैबीनं त्याचा हात धरला. अकरा वर्षांत त्यानं असा हात कधी धरला नव्हता. "शमशादला कळलं तर ती लगीन लांबणीवर टाकंल. मला दवाखान्यात घालंल आणि पोरगी घरात बसंल. तिकडची माणसं थांबायची न्हाईत, मास्तर. तू बोलायचं न्हाय. आन घे." सोमशेखरनं आण घेतली. घेतली म्हणण्यापेक्षा ती त्याच्याकडून निघून गेली, सुट्टे पैसे देताना हातून नाणं निसटावं तशी. मात्र अट घातली, की उद्यापासून रजा टाकायची, गाडीला हात लावायचा नाही. गैबीनं लग्नाच्या कामाची म्हणून रजा टाकली. पट्टी घरात सापडायला नको म्हणून ती सोमशेखरकडं दिली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तेव्हापासून ती त्याच्या छातीशी होती, आणि कधी कधी, गाडीत गर्दी नसताना, त्याला वाटायचं की ती वाकडी रेघ आपलीच आहे.

रजेवरचा गैबी घरात टिकेना. तळ्यावर जायला लागला. तेव्हा शमशादनंच एका संध्याकाळी सोमशेखरला वाटेत गाठलं, हातात लग्नाच्या कापडांची पिशवी. "मास्तरभाऊ, ह्येंचं काय बिनसलंय काय वो? एकटेच जात्यात पान्यावर. तुमी जात जावा की बरोबर." त्यानं मान डोलावली. ती म्हणाली, "तुमी हायसा म्हणून मी निवांत हाय बघा." निवांत. हा शब्द त्याला रात्रंदिवस छळत राहिला. कुणी आपल्यावर असा भार टाकला की माणूस आनंदतो, हा मात्र भ्यायला. तिच्या डोळ्यांत संशय असता तर बरं झालं असतं; तिथं नुसता विश्वास होता, दाराला कडी न घालता झोपणाऱ्याचा. सांगून टाकावं, असं त्याच्या जिभेवर आलंही. मग तिनं पिशवीतून हिरव्या साडीचं टोक काढून दाखवलं, शाहिस्ताला कशी दिसेल म्हणून, आणि तो म्हणाला, छान दिसेल.

आज पहाटेपासून धुकं होतं. जोतीरामच्या गोठ्यापाशी लुना लावली तेव्हा म्हशीसुद्धा अर्ध्याच दिसत होत्या. काहील पाण्यात ढकलताना सोमशेखरनं सगळा जोर आपणच लावला, गैबीला हात लावू दिला नाही, तर तो म्हणाला, "मला काय बाळंतीण समजतोस काय?" पण वल्हं मारताना मधेच थांबला, खोकल्याचं निमित्त करून. सोमशेखरच्या नजरेतून ते सुटलं नाही. महिनाभर त्याची नजर दुसरं काही शिकलीच नव्हती. लेक सौंदर्या तान्ही होती तेव्हा तो असाच दर थोड्या वेळानं उठून तिच्या नाकाखाली बोट धरायचा, आणि शिवगंगा चिडायची, की पोर मरायची न्हाय, तुम्ही मात्र तिला झोपू द्यायचा न्हाई. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याला एक थोराड, पिकल्या मिशांचं तान्हं मिळालं होतं आणि त्याच्या नाकाखाली बोट धरायची सोय नव्हती. तो नुसता ऐकायचा.

मधोमध आल्यावर गैबीनं वल्हं सोमशेखरच्या बाजूला सारलं, घोंगड्याची खोळ डोक्यावर ओढली आणि दोरी पाण्यात सोडली. काठी-बिठी नाही; दोरीचं टोक उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळलेलं, हात काहिलीच्या काठावर. मांगूर तळाच्या चिखलात असतो, वर काही दिसत नाही, जे कळायचं ते बोटाला कळतं. पहिल्या तासात तीन मिळाले. काळे, गुळगुळीत, तोंडाला लांब मिशा, गालाशी विषारी काटे. एरवी तो मासे ओल्या गोणपाटात घालून पोतं काठावरून पाण्यात सोडायचा. आज वाकला नाही. पोतं तसंच मधे दोघांच्या पायाशी ठेवलं, म्हणाला, "ऱ्हाऊ दे इथंच. मांगूर हाय, हवा खाऊन बी जगतोय." सोमशेखरनं तेही टिपलं, की आज वाकला नाही. मग गैबी म्हणाला, "कोजागिरी न्हवं आज? वहिनीला सांग, दुधात जायफळ जरा जादा टाक म्हणावं. मी येतो सांच्याला." सोमशेखर म्हणाला, ये की. "बरं, आता गप बस. तुझ्या बडबडीनं मासा येत न्हाय." बडबड गैबीचीच होती.

धुकं आणखी खाली उतरलं. काठ गेला, पाणीही गेलं, राहिली एक गोल लोखंडी कढई आणि तिच्यात समोर एक घोंगड्याचा ढीग. ह्या गोलात आपल्याला कुणीतरी शिजायला घातलंय, असं त्याला वाटलं आणि तो स्वतःशीच जरा हसला. ते हसू विरल्यावर भीती उरली. कशाची, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. बुडायची होतीच. पण त्याहून मोठी ती, की समोरचं घोंगडं एकाएकी पुढं कलंडेल आणि आपल्याला त्याच्याकडं जायला जमणार नाही. उठलं की काहील उलटणार. मग काय करायचं? ओरडायचं? कुणाला? महिनाभर त्यानं सगळे प्रसंग मनात घडवून बघितले होते, स्टँडवरचा, कँटीनमधला, लग्नाच्या मांडवातला, आणि प्रत्येकात तो कुठून तरी रिक्षा आणायचा. पाण्यात रिक्षा येत नाही. लग्नाला सव्वीस दिवस. घोंगडं कलंडलं नाही. तो ऐकत राहिला.

श्वास येत होता. ओलसर, जरा घरघरता, थांबून थांबून. हं... हं... सोमशेखरनं मोजायला सुरुवात केली. एक. मधे बराच वेळ. दोन. सर्दी झालेली दिसतेय ह्याला. तीन. मोजता मोजता त्याचे खांदे सैल झाले, आणि दोरी गुंडाळलेला गैबीचा हात काठावर हललाही. एकदा, मग पुन्हा, मनगट जरासं पुढं ओढलं गेलं आणि मागं आलं. चाचपतोय, सोमशेखरच्या मनात आलं. मासा लागलाय, खेळवतोय. त्याला अचानक बरं वाटलं, इतकं बरं की डोळे भरून आले. सव्वीस दिवस काय, असेच निघतील. मग मिरज, मग ही पट्टी त्याच्या अंगावर टाकून म्हणायचं, घे तुझा कागद, माझी छाती मोकळी कर. शमशाद आपल्याला चार शिव्या घालील, आपण खाऊ. शिव्या खाण्याची त्याला ओढच लागली. विहिरीतून वर काढल्यावर अप्पांनी पहिल्यांदा थोबाडीत मारली होती आणि मग उराशी धरलं होतं. ती थोबाडीत किती गोड लागली होती हे त्याला आज, चाळीस वर्षांनी, धुक्यात आठवलं. सूर्य कुठंतरी वर आला असावा, धुकं पांढऱ्याचं पिवळट झालं. किती वेळ गेला कोण जाणे. गैबीचा हात पुन्हा ओढला गेला, ह्या वेळी जोरात, आणि तसाच काठावरून पाण्याकडं लोंबत राहिला.

"लागला न्हवं?" सोमशेखर हळूच म्हणाला. "गैबी, ओढ की." हात हिसके खात होता. तळातला मासा दोरी ओढत होता, सोडत होता, आणि हात त्याच्याबरोबर जात होता, येत होता. गैबी मात्र ओढत नव्हता. सोमशेखरनं श्वासाकडं कान लावला. श्वास होता. चालू होता. मग झोपला असेल. रात्रभर लग्नाच्या याद्या करत बसतो, झोपला असेल. हाक मारली तर दचकेल, दचकला तर काहील उलटेल. त्यानं बोटातली अंगठी काहिलीच्या काठावर आपटली. टण टण.

दोन घंट्या. लोखंड घुमलं, आवाज पाण्यावरून गेला आणि धुक्यात संपला. ह्या आवाजाला गैबी मेलेल्या झोपेतूनही उठला असता. सोमशेखर थांबला. एक, दोन, तीन, चार. सात. आठ. नऊ. आणि तेव्हा त्याला श्वास पुन्हा ऐकू आला, हं, आणि तो संपायच्या आत दुसरा, त्याच्या अंगावरच, आणि लगेच तिसरा. माणूस एका वेळी तीन श्वास घेत नाही. त्यानं खाली बघितलं. पायाशी गोणपाट हलत होतं.

पुढचं त्यानं कसं केलं हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. तो पोटावर पालथा झाला आणि लोखंडावरून सरपटत निघाला. काहील गैबीच्या बाजूनं खाली गेली, काठावरून पाण्याची जीभ आत आली, छातीखाली गार पसरली, तो थांबला नाही. पोतं डाव्या हातानं बाजूला सारताना एक काटा गोणपाटातून तळहातात घुसला, ते त्याला कळलंच नाही. घोंगड्याच्या खोळीत हात घालून त्यानं गैबीच्या मिशीवर बोट धरलं. धरून ठेवलं. मिशीला दव लागलं होतं. डोळे अर्धे उघडे, पाण्याकडं, गाडी लायनीत लावून प्रवाशांची वाट बघावी तसे. चेहऱ्यावर दुखल्याची खूण नव्हती. जाताना त्यानं हाकही मारली नव्हती, आणि हा, ऐकण्यासाठीच बसवलेला माणूस, समोर बसून मासे ऐकत होता. "गैबी," सोमशेखर म्हणाला, "अरे गैबी, असं काय करतोस," आणि त्याला मोठ्यानं रडू आलं. रडण्याच्या गचक्यांनी काहील हलायला लागली, पाणी पुन्हा आत आलं, तेव्हा त्याला भिऊन रडणं थांबवावं लागलं. त्यानं गैबीच्या बोटाची दोरी सोडली. मासा दोरी घेऊन गेला.

मग तो तसाच उलटा सरपटत आपल्या जागी आला, कारण काठाला जायचं तर त्या जागी बसावंच लागणार होतं. एका बाजूनं वल्हं मारलं की काहील नुसती जागच्या जागी फिरायची. समोर गैबी, आणि गैबीच्या मागं सगळं धुकं फिरायचं. डावीकडून एक, उजवीकडून एक, पुन्हा डावीकडून एक. हाताला आग लागली होती. समोरचं वजन मात्र जागचं हलत नव्हतं, म्हणूनच काहील सरळ होती. वजनाला वजन. ह्या माणसानं मेल्यावरही त्याला बुडू दिलं नाही, हे सोमशेखरच्या लक्षात आलं तेव्हा त्याला त्याचा विलक्षण राग आला, त्या पहिल्या दिवसासारखा. का घ्यायला लावलीस आण? का घेतली मी? शमशादला त्या संध्याकाळी एक वाक्य सांगायचं होतं, फक्त एक, साडीचं टोक बघायच्या आधी. लग्न पुढं गेलं असतं. गेलं असतं तर गेलं असतं. हा आता मिरजेत कुठल्या तरी खाटेवर बसून नर्सशी हुज्जत घालत असता.

काठ आला तो आधी म्हशींच्या वासानं. मग जोतीराम दिसला, गुडघाभर पाण्यात, हातात घागर. "किती घावलं वो पावणं?" त्यानं खच्चून विचारलं. मग जवळ येऊन काठाला हात घातला, घोंगड्याकडं बघितलं, सोमशेखरकडं बघितलं. घागर त्याच्या हातातून पाण्यात गेली. दोघांनी मिळून गैबीला बाहेर काढून गवतावर ठेवला. जोतीरामनं त्याच्या छातीला कान लावला, उठला, डोक्याचा पटका काढून हातात धरला. "काल सांच्याला बोललो की वो ह्याच्यासंगं. लगनाला ये म्हनला सगळ्यास्नी घिऊन." मग म्हणाला, "आजारी हुता काय? काय दुखत-खुपत हुतं काय ह्येचं? तुमास्नी म्हाईत आसंल."

सोमशेखरचा हात खिशाकडं गेला. प्लास्टिक ओलं झालं होतं. आतली पट्टी कोरडी असणार. त्यानं तिच्यावर तळहात दाबून धरला, सुजलेला, आणि त्याला शमशादचं दार दिसलं, उघडं, आत हिरवी साडी, आणि ती विचारतेय, अगदी हेच, ह्याच शब्दांत. आज विचारेल. चाळिसाव्याला विचारेल. शाहिस्ताच्या लग्नात, ते जेव्हा होईल तेव्हा, ताट वाढताना विचारेल, मास्तरभाऊ, तुमी तर समोर हुता. हो म्हणालो तर ती विचारेल, मग मला का सांगितलं न्हाईसा. आज, ह्या गवतावर, अजून एकदा खरं बोलता येण्यासारखं होतं. जोतीराम वाट बघत होता.

"न्हाय," सोमशेखर म्हणाला. "काय न्हवतं. बरा हुता की."

जोतीरामनं मान हलवली. मग तो काहील ओढून वर घ्यायला वळला, आतलं पोतं उचललं, कानाशी नेलं आणि गवतावर, गैबीच्या पायाशी, आणून ठेवलं. "जित्तं हाईत अजून," तो म्हणाला. "ह्येंचं काय करायचं?"